विडा दिसलाच नाही

ऐतिहासिक प्रेमपटाला जाणारा मराठी माणूस तिकीट प्रेक्षकाचं काढतो आणि खुर्चीत परीक्षक म्हणून बसतो. इतर सिनेमांना हा जाच नाही. चाळीतल्या खोलीतून नायिका एकदम स्वित्झर्लंडच्या बर्फात शिफॉनच्या साडीत कशी पोचली आणि तिला साधी सर्दी कशी झाली नाही, असं आपण आजवर कुणालाही विचारलेलं नाही. पण पडद्यावर एक नथ, एक पगडी आणि एक समई दिसू दे. मागच्या रांगेतून आवाज येतोच, "समई चुकीच्या बाजूला ठेवलीय."

१८ डिसेंबर २०१५ या शुक्रवारी 'दिलवाले' आणि 'बाजीराव मस्तानी' एकदमच लागले. 'दिलवाले'त रोहित शेट्टींच्या मोटारी नेहमीप्रमाणे हवेत उडाल्या, त्याबद्दल कुणाची हरकत आली नाही. 'बाजीराव मस्तानी'त पदर उडाला, तर पुण्यात पहिल्या दिवशी निदर्शनं होऊन काही खेळ रद्द झाले. मोटार आपली नसते, पदर आपला असतो.

खरं तर मतं त्याच्याही आधी तयार होती. काशीबाई आणि मस्तानी या बाजीरावाच्या दोघी बायका एकत्र नाचतात ते 'पिंगा' हे गाणं नोव्हेंबरातच आलं होतं. सिनेमा बघून मग मत बनवणं ही पद्धत आम्हाला फार वेळखाऊ वाटते. त्यात अडीच तास जातात, पैसे जातात, आणि एवढं करून मत बदललंच तर चारचौघांत नाचक्की होते ती वेगळी. पेशव्यांच्या वंशजांनी गाण्याला हरकत घेतली, ती समजण्यासारखी होती. पण ज्यांचे पूर्वज पेशवाईत नेमकं काय करत होते याचा घरात कुणालाच पत्ता नाही, अशी माणसंही त्या महिन्यात "आमच्या काशीबाई अशा नाचल्या असत्या का?" असं विचारू लागली. आमच्याच घरात हे झालं, म्हणून खात्रीने सांगतो.

आमचे काका बँकेतून निवृत्त झाले आणि इतिहासात रुजू झाले. भारत इतिहास संशोधक मंडळात व्याख्यान असलं की ते पहिल्या रांगेत असतात आणि शेवटी प्रश्न म्हणून स्वतःचं एक छोटं व्याख्यान देऊन येतात. सिनेमाच्या सुरुवातीला, यातल्या गोष्टी ऐतिहासिक सत्य म्हणून घेऊ नयेत अशा अर्थाची एक भलीमोठी पाटी येते. काकांनी ती वाचली नाही, कारण तेव्हा ते मोबाइलच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधत होते. ते बसले आणि लगेच तपासणीला लागले.

बुंदेलखंडच्या छत्रसालाच्या मदतीची हाक घेऊन मस्तानी झालेली दीपिका पदुकोण स्वतः तलवार परजत बाजीरावाच्या छावणीत घुसते, तिथे त्यांचा पहिला बांध फुटला. "पत्र आलं होतं! मुलगी नाही!" हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या रांगेतल्या दोन अनोळखी गृहस्थांनी वळून माना डोलावल्या. छत्रसालाने बंगशाच्या वेढ्यातून बाजीरावाला पाठवलेलं काव्यमय पत्र मराठी माणसाला पाठ असतं, किंवा पाठ आहे असं तरी त्याला वाटतं. आता पत्रापेक्षा दीपिका पदुकोण आलेली पडद्यावर बरी दिसते, हे काकांनाही कळत होतं. पण कळणं निराळं आणि मान्य करणं निराळं.

मध्यंतरात वडा खाताना त्यांनी निकाल जाहीर केला. "'राऊ'त असं काहीही नाहीये."

"काका, पण 'राऊ' ही कादंबरी आहे."

"मग? इनामदार काय उगाच लिहितील?"

यावर काय बोलणार! संजय लीला भन्साळींनी हा सिनेमा ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' या १९७२ च्या कादंबरीवरच बेतला होता. म्हणजे एका कादंबरीवरून काढलेला सिनेमा इतिहासाला धरून नाही आणि त्याला पुरावा काय, तर तीच कादंबरी. मी आजूबाजूला कान दिला तेव्हा लक्षात आलं की, काका एकटे नव्हते. कुणाचा पुरावा 'राऊ' होती, कुणाचा लहानपणी पाहिलेलं नाटक, कुणाचा आजी दुपारी सांगायची ती गोष्ट. गो. स. सरदेसायांच्या 'मराठी रियासती'चं नाव पुष्कळांनी घेतलं. ती उघडलेली आहे असं कुणाच्या बोलण्यावरून वाटलं नाही. मराठी घरात रियासत ही बहुधा काचेच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सापडत नसते.

या सगळ्या पुराव्यांचा मुकुटमणी म्हणजे विडा. मस्तानी इतकी गोरी होती की विडा खाल्ल्यावर त्याचा लाल रस गळ्यातून उतरताना दिसायचा, हे महाराष्ट्रात शाळेत न शिकवता सगळ्यांना येतं. बाजीराव पेशवा कधी झाला असं विचारा, दहातले नऊ जण छताकडे बघतील. (१७२० मध्ये. तेव्हा तो विशीचाही झाला नव्हता.) पालखेडला निजामाला त्याने कसं कोंडीत पकडलं असं विचारा, तेच नऊ जण घड्याळाकडे बघतील. पण विडा विचारा! रस कुठून कुठपर्यंत दिसायचा हे लोक स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवून दाखवतात. सिनेमा संपून दिवे लागले तेव्हा काका सुन्न बसले होते. मला वाटलं, रावेरखेडीला बाजीराव जातो त्या प्रसंगाने गलबलले असतील. ते म्हणाले, "विडा दिसलाच नाही."

काष्ट्यापासून कट्यारीपर्यंत सगळ्याला अस्सल कागद मागणारा हा माणूस, कुणाच्याही गळ्याची कातडी इतकी पारदर्शक असू शकते का, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारत नव्हता. आमच्या घरात एक डॉक्टर आहेत. त्यांना काकांनी साक्षीला काढलं. डॉक्टर म्हणाले की, असं दिसायला लागलं तर मी पेशंटला आधी रक्त तपासून यायला सांगेन. डॉक्टरांचं स्वतःचं मत शेवटच्या प्रसंगाबद्दल होतं. बाजीराव तापाच्या भ्रमात नर्मदेच्या पाण्यात तलवार फिरवतो, समोर नसलेल्या शत्रूंशी लढतो, आणि थिएटरात सगळीकडे हुंदके चाललेले असताना डॉक्टर हळहळून म्हणाले होते, "एप्रिलचा शेवट आहे. आधी सावलीत आणा रे त्याला कुणीतरी." २८ एप्रिल १७४०, निमाडचं ऊन, हे त्यांना बरोबर माहीत होतं.

आत्याचा विभाग नऊवारी. अंजू मोदी आणि मॅक्झिमा बसू यांनी या सिनेमाचे कपडे केले आणि बाहेरच्या जगाला ते डोळे दिपवणारे वाटले. आत्याचे डोळे दिपत नाहीत, बारीक होतात. "ओचा बघ. ओचा कुठे खोचलाय बघ." मी बघितलं. मला दोन सुंदर बायका दिसल्या. "पाठ बघ." पाठही दिसली. "पेशव्यांच्या घरातल्या बाईची पाठ तिच्या न्हाणीघराने सोडून कुणी पाहिली होती का?" मी म्हटलं, नसेल. मग आत्याने निऱ्या, काष्टा, पदर यांची वरून खाली आणि खालून वर अशी दोनदा तपासणी केली आणि दोघींना नापास केलं. प्रियांका चोप्राला नथ शोभल्याबद्दल उत्तेजनार्थ काही गुण मिळाले.

मामीची हरकत अधिक शास्त्रशुद्ध होती, कारण मामी मंगळागौरीचे खेळ घेते. श्रावणात तिच्या बायकांच्या गटाला मंगळवारी श्वास घ्यायला फुरसत नसते. झिम्मा, फुगडी, सूप नाचवणं, गाठोडं हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी करून दाखवेल, आणि जागा थोडी असेल तर झोपलेल्यांनी पाय आवरून घ्यावेत. तिचं म्हणणं, पिंगा हा दमसासाचा खेळ आहे. त्याला गिरकी असते, ठेका असतो आणि शेवटी धाप असते. सिनेमात धापच नाही. "केस सुद्धा विस्कटले नाहीत गं त्यांचे!" सवत आणि सवत एकत्र नाचतील का, या प्रश्नावर महाराष्ट्र पेटला होता, आणि मामी मात्र दम का लागला नाही यावर अडून बसली होती. मला तिची टीका सगळ्यांत पटली. भन्साळींनी 'देवदास'मध्ये २००२ सालीच पारो आणि चंद्रमुखीला एकत्र नाचवून टाकलं होतं, त्यामुळे काशीबाई आणि मस्तानी या दोघी एका सिनेमात आहेत म्हटल्यावर पुढे काय होणार हे गाणं यायच्या आधीच ओळखायला हवं होतं. बंगालने ते शांतपणे सोसलं की नाही, ते बंगाली आत्यांना विचारावं लागेल.

बाकीच्यांची मतं थोडक्यात सांगतो. शाहू महाराजांच्या दरबारात बाजीराव बाणाने मोरपीस चिरतो, त्यावर इंजिनिअर मेव्हण्याने बाणाचं वजन, अंतर आणि पंख्याची हवा धरून नकार दिला. भाचीला रणवीर सिंगची टकलावरची शेंडी आवडली. तिच्या आईला ते ऐकून चिंता वाटली. बाजीरावाच्या आईचं, राधाबाईंचं काम करणाऱ्या तन्वी आझमींबद्दल मात्र सबंध घरात एकमत झालं. मुंडन केलेलं डोकं, कोरडी नजर आणि आवाजातला तो जरबेचा थंडपणा पाहून पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुनांचा थरकाप उडाला. पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. आधी काकांनी आझमी या आडनावावर भुवई उंचावली होती. त्या उषा किरण यांच्या कन्या आहेत असं कळल्यावर भुवई खाली आली. "तरीच! आपलीच आहे." कलेची पारख आमच्याकडे अशी रीतसर होते.

काशीबाईच्या बाबतीत थिएटरचे सरळ दोन तट पडले. बाजीराव मस्तानीच्या महालातून परत आल्यावर प्रियांका चोप्रा त्याला अपमानाचा हिशोब शांत आवाजात देते, त्या प्रसंगी बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ते लावून झाल्यावर मग प्रत्येकीने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या नवऱ्यांनी काहीही केलेलं नव्हतं. बहुतेकांची धाव ऑफिसातून घर आणि घरातून दूध, एवढीच होती. तरी अंधारात सगळे सावरून बसले, आणि एकाने तर बायकोला न मागता पॉपकॉर्न आणून दिले. पुरुषांनी त्या प्रसंगावर मत देणं टाळलं. विचारलंच तर "फोटोग्राफी चांगली आहे" असं म्हणाले. सुदीप चॅटर्जींच्या छायाचित्रणाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, यात या घाबरलेल्या नवऱ्यांच्या सदिच्छा असणार.

आता आरसे. आईना महालाचा तो सेट बघून सबंध भारत थक्क झाला आणि सदाशिव पेठ उखडली. "शनिवारवाड्यात आरसे?" काकांच्या तोंडून तीन रांगांना ऐकू गेलं. पंचाईत अशी की, शनिवारवाड्यात जुना आरसे महाल म्हणून एक दालन होतं, हे वाड्याच्या माहितीत सापडतं. मी हे काकांना जपून सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "होता. पण इतका नाही." या वाक्याला तोड नाही. इतिहासाच्या वादात तुम्ही सपशेल हरत असाल तर हे वाक्य लक्षात ठेवा. वाडा १७३० ते १७३२ या दोन वर्षांत उभा राहिला आणि त्याला १६,११० रुपये खर्च आला, हा आकडा काकांच्या जिभेवर असतो. तेवढ्यात भन्साळींचे आरसे एकदा पुसूनही झाले नसते. आणि १८२८ च्या आगीनंतर वाड्याची तटबंदी, दरवाजे आणि आतली जोती एवढंच उरलं. त्या जोत्यांवर उभं राहून आम्ही मजले, दालनं, हंड्या-झुंबरं आणि कोण कुठल्या खिडकीत बसायचं ते ठामपणे सांगतो. भन्साळींचा दोष इतकाच की, आम्ही मनात बांधतो ते त्यांनी प्लायवुडमध्ये बांधलं.

इथवर काकांचं मत एका रंगाचं होतं. मग वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कानपूरच्या कुटुंबाने सिनेमा पाहिला आणि जिन्यात काकांना गाठून विचारलं, "अंकल, ये पेशवा लोग राजा थे ना?" काकांनी भाजीची पिशवी खाली ठेवली. राजा म्हणजे साताऱ्याला छत्रपती शाहू महाराज, पेशवा म्हणजे त्यांचा प्रधान, असं सुरू होऊन विषय अटकेपर्यंत गेला. पिशवीतली कोथिंबीर मान टाकत होती. त्यात कानपूरकरांनी नुसतं विचारलं, "पिक्चर सही है न, अंकल?" आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. काका म्हणाले, "बहुत बढिया! थोडाबहुत इधर-उधर है, लेकिन बाजीराव को पुरे देश में पोहोचाया!" तो माणूस घरात ज्या सिनेमाचे धिंडवडे काढत होता त्याचीच जिन्यात हिंदीतून वकिली करत होता, आणि दोन्ही ठिकाणी तितक्याच प्रामाणिकपणे. घरच्या सुनेला घरात नावं ठेवायची आणि शेजाऱ्याने ठेवली तर त्याच्याशी भांडायचं, ही आमची जुनी रीत आहे.

वकिलीचा शेवट असा झाला की, रविवारी काका त्या कुटुंबाला राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल दाखवायला घेऊन गेले. मला ओझी उचलायला नेलं. संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या अगदी जवळ. मस्तानीचा महाल तिथे यायला बाजीरावाचा पत्ता उपयोगी पडला असं काका म्हणाले, आणि स्वतःच हसले. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या वाड्याचे अवशेष आणून दिनकर केळकरांनी ते दालन इथे पुन्हा उभं केलं. नक्षीचे लाकडी खांब, महिरपी, वर झुंबर, खाली बैठक. बघता बघता माणूस नकळत हळू बोलायला लागतो, इतकी ती खोली देखणी आहे. कानपूरच्या वहिनींनी मान आत घातली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वर पाहिलं.

"शीशे कहाँ हैं?"

काका म्हणाले, "वो सिनेमा में थे."

"अच्छा." मग थोड्या वेळाने, "और इतना छोटा?"

काकांनी दीर्घ श्वास घेतला. ज्या आरशांना त्यांनी महिनाभर नावं ठेवली होती त्यातले निदान दहा-बारा तरी इथे असते तर बरं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. धाकट्या मुलाने त्यात भर घातली. त्याला दीपिका कुठे बसायची ते बघायचं होतं. काकांनी कुठलाही पुरावा न मागता बैठकीच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. मुलगा खूश झाला. मी काकांकडे पाहिलं, त्यांनी झुंबराकडे पाहिलं.

आत्याचा मात्र असा तोल गेला नाही, असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग चुलत भावाचं लग्न ठरलं आणि मी तिला घेऊन नऊवारी शिवून देणाऱ्या बाईंकडे गेलो. हल्ली नेसायची नऊवारी शिवून मिळते. पाय घालायचे, नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाकायचा की झालं. ओचा बाईंनी आधीच शिवलेला असतो, त्यामुळे तो चुकीच्या जागी खोचला जायची भीती नाही. भिंतीवर नमुन्यांचे फोटो लावलेले होते आणि खाली नावं: पेशवाई, ब्राह्मणी, राजलक्ष्मी, मस्तानी, शाही मस्तानी. मी शेवटची दोन नावं दोनदा वाचली.

"कोणती करायची?" बाईंनी टेप गळ्यातून काढत विचारलं.

आत्या भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. ब्राह्मणीपाशी थांबली, पेशवाईपाशी थांबली, कापडाचा काठ बोटांत धरून पुढे सरकली.

"ही शाही मस्तानी म्हणजे काय हो?"

"सिनेमातल्यासारखी. घेर जास्त येतो, पुढून झालर पडते. आता बहुतेक सगळ्या हीच करतात. काशीबाई मागितली कुणी तर मी पेशवाईच देते."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी शिलाई मशीनच्या चाकाकडे पाहिलं.

"मागून गळा किती खोल येतो?"

"तुम्ही सांगाल तेवढा."

"फार नको," आत्या म्हणाली. मग क्षणभर थांबून, आवाज खाली आणून, "पण अगदी बंदही नको. आणि हे बघा, आत मोबाइलला खिसा करून द्या. डाव्या बाजूला."

"मस्तानीला खिसा चालेल ना?" मी विचारलं.

"तू गप्प बस," आत्या म्हणाली, आणि माप द्यायला हात वर केले.